कळंबोली : लोखंडाचा बाजार आणि माणसांचे गाव

(पनवेल येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळईचे वजन काढायला दर वेळी काटा लागतोच असे नाही. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे. येईल ते एका मीटरचे वजन, किलोमध्ये. बारा मिलिमीटरच्या सळईचे १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. कारखान्यातून सळई बारा मीटर लांब येते, म्हणजे एक नग साडेदहा किलोंच्या किंचित वर. गोडाऊनमधला मुकादम, दलालाचा कारकून, बांधकामावरचा सुपरवायझर, या सगळ्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. भारा सुटला की नग मोजायचे आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघायचे. गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी, आणि दोन्हींतला फरक तो निव्वळ माल. चाळीस-पन्नास किलोंचा घोळ झाला तरी फोन सुरू होतात.

लोखंडाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेल्या या वसाहतीत माणसांच्या रोजच्या जगण्याचा हिशेब मात्र कधी एका जागी मांडला गेला नाही. नळाला पाणी किती वेळ येते, भरतीच्या वेळी पाऊस लागला तर तळमजल्यात किती पाणी चढते, लोकल पकडायला किती चालावे लागते, पोराचा ताप रात्री चढला तर कुठे जायचे, या प्रश्नांची उत्तरे कळंबोलीकरांकडे आहेत, पण ती घरोघरी विखुरलेली आहेत. ती एकत्र ठेवून पाहावीत, हा या व्याख्यानाचा हेतू.

पोलादाचे शहर म्हटले की डोळ्यांसमोर भट्टी येते. जमशेदपूर, भिलाई, राउरकेला. कळंबोलीत तशी भट्टी कधीच नव्हती. शेजारी तळोज्याला रोलिंग मिल आहेत, पण कळंबोलीत पोलाद येते, उतरते, कापले जाते आणि पुढे निघते. मोठ्या पोलाद कंपन्यांची साठा-आवारे आहेत, रेल्वे यार्डात मालाचे रेक लागतात, ट्रेलरवरून वीस-वीस टनांची कॉइल येते. प्लेट, अँगल, चॅनेल, बीम, पत्रा, सळई यांचे ढीग गाळ्यागाळ्यांतून लागलेले असतात. कॉइल उलगडून हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या काढणारी स्लिटिंग यंत्रे आणि मापात तुकडे पाडणारी कटिंगची यंत्रे दिवसभर चालू असतात. मुंबई, ठाणे, पुणे आणि कोकणात उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींची सळई या आवारातून गेली आहे.

लोखंड आणि वाहतूक यांच्याशी पनवेलचे नाते मात्र नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोपेक्षा खूप जुने. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरात उतरू लागला, तिथून होड्या-गलबतांनी मुंबईला. गाड्या आल्या म्हणजे चाके झिजणार, मोडणार. पनवेलच्या सुतार-लोहारांनी तो धंदा हातात घेतला आणि इथली चाके इतकी नावाजली की एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरनेही या गावाची ओळख देताना चाकांचा उल्लेख केला. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, ही कारागिरी या गावात शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. १८५२ साली पनवेलला नगरपालिका मिळाली. महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या नगरपालिकांपैकी ती एक. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, इस्रायली अशी तळी गावाला होती. पुढे देहरंगला गावाचे स्वतःचे धरण झाले. जुन्या पनवेलमध्ये सोय हळूहळू आली, पण ती कुणाची आहे आणि ती बिघडली तर कुणाला धरायचे, हे गावाला ठाऊक होते.

कळंबोलीचे तसे झाले नाही. तिचा जन्म आराखड्यातून झाला. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईचा भार हलका करायचा तर नुसती घरे बांधून भागणार नव्हते, घाऊक बाजार बाहेर काढणे गरजेचे होते. कांदा-बटाटा आणि धान्य तुर्भ्याकडे गेले. कार्नाक बंदर आणि दारूखान्याच्या गल्ल्यांत साचलेले लोखंड कळंबोलीला न्यायचे ठरले. १९८३ साली विशिष्ट वस्तूंचे बाजार कुठे असावेत हे ठरवणारा कायदाच राज्याने केला. जागा निवडताना विचार सरळ होता. पुण्याचा आणि गोव्याचा, असे दोन महामार्ग पनवेलजवळून फुटतात, शीव-पनवेल रस्ता इथेच येऊन मिळतो, मालगाडीचे यार्ड करायला सपाट जमीन आहे. सुमारे तीनशे हेक्टरांवर बाजार आखला गेला.

ती सपाट जमीन म्हणजे लोकांची भातखाचरे आणि मिठागरे होती. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यातून आली. कळंबोली, रोडपाली, खिडुकपाडा या मूळ गावांतल्या माणसांनी दिलेल्या जमिनीवर नंतरच्या सगळ्यांची घरे उभी आहेत. सोयींची चर्चा करताना हे आधी सांगायला हवे, कारण गावठाणात गटार आणि रस्ता सेक्टरमधल्यापेक्षा पुष्कळ उशिरा पोहोचला आणि अजूनही दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरा मोठा लोंढा आला तो घाटावरून. लोखंड आले तशी ते उचलणारी माणसे आली: पाटण, जावळी, कोरेगाव, कराड, शिराळा, जुन्नर इकडची. माथाडी कामगार. कॉइल क्रेनने उचलली जाते, हे खरे. पण साखळी अडकवायला, हूक सोडायला, सळईचा भारा सरळ करायला, प्लेटीखाली लाकडी ठोकळा सरकवायला आजही माणसाचा हात लागतो. प्लेटीची कड कॅनव्हासच्या हातमोज्यालाही ऐकत नाही. बारा मीटरची सळई छोट्या टेम्पोत मावत नाही म्हणून ती मधून वाकवून भरतात आणि वाकवताना सुटली तर समोरच्या माणसाचे काय होईल हे टोळीतल्या प्रत्येकाला माहीत असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी एक ते चार काम करणे काय असते, याचे वर्णन ते केलेल्या माणसानेच करावे.

या कामगारांच्या बाबतीत महाराष्ट्राने एक मोठे काम केले आहे आणि त्याची कदर पुरेशी होत नाही. अण्णासाहेब पाटील स्वतः पाटण तालुक्यातले. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. हमालाला ठरावीक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मग प्रॉव्हिडंट फंड कुणी भरायचा, सुट्टीचे पैसे कुणी द्यायचे, औषधपाणी कुणी बघायचे? कायद्याने उत्तर दिले: मंडळाने. लोखंड-पोलादाचे काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र मंडळ झाले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने टोळीतल्या प्रत्येकाच्या नावावर पगार जमा करायचा आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह, ग्रॅच्युइटी, बोनस, वैद्यकीय मदत यांची सोय करायची. मालक बदलला तरी कामगाराची नोंद बदलत नाही. असंघटित कामगारासाठी इतकी विचारपूर्वक केलेली व्यवस्था जगात फार ठिकाणी सापडणार नाही. तिच्यात गैरप्रकार शिरले, वाराईच्या, म्हणजे माल उतरवण्याच्या आकाराच्या, नावाखाली गाडीवाल्यांची अडवणूक झाली, खोट्या टोळ्या निघाल्या. त्यांचा बंदोबस्त जरूर करावा. पण त्या निमित्ताने मूळ कायदाच सैल करण्याची भाषा होते, तेव्हा आधी कळंबोलीतल्या एखाद्या निवृत्त माथाड्याचे पासबुक उघडून बघावे.

या माथाडी व्यवस्थेचे एक भावंड वेल्समध्ये आहे. ट्रेडेगर नावाचे लोखंड आणि कोळशाचे छोटे गाव. तिथल्या कामगारांनी १८९० मध्ये वैद्यकीय मदत संस्था काढली. प्रत्येकाने पगारातला लहानसा हिस्सा द्यायचा आणि त्या बदल्यात घरच्या सगळ्यांना डॉक्टर, दवाखाना, औषध मिळायचे. त्याच गावात १८९७ साली जन्मलेले अन्यूरिन बेव्हन पुढे ब्रिटनचे आरोग्यमंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी त्यांनी साऱ्या देशासाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. तिचा नमुना त्यांना गावातच मिळाला होता. ट्रेडेगरला लागून असलेल्या एब्बू व्हेलचा प्रचंड पोलाद कारखाना २००२ साली बंद पडला. गाव आता संपले असेच कुणालाही वाटले असते. पण त्या कारखान्याच्या जमिनीवर काय आणायचे, हे सरकार आणि स्थानिक मंडळाने बसून ठरवले. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर २००८ मध्ये पुन्हा प्रवासी गाडी धावू लागली. २०१० मध्ये कारखान्याच्याच जागेवर बेव्हन यांच्या नावाचे रुग्णालय उघडले. त्या गावात रोजगाराची अडचण आजही आहे, दारिद्र्य आहे. तरी पोलाद गेल्यावर तिथे आधी रेल्वे आणि रुग्णालय आले, हा क्रम पनवेलकरांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

कळंबोलीचे पोलाद गेलेले नाही. पण बाजार बदलतो आहे. कारखाने मोठ्या गिऱ्हाइकाला थेट माल पाठवतात, सौदे फोनवर होतात, मोठी प्रक्रिया केंद्रे जमीन स्वस्त मिळेल तिकडे सरकतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि परिसरातल्या जमिनीकडे सगळ्यांची नजर वळली. लोखंडाच्या गाळ्याशेजारी उंच इमारत उभी राहू लागते, तेव्हा गाळ्याचे दिवस किती उरले याचा अंदाज व्यापारी आधी बांधतो, हमाल शेवटी. म्हणून सोयींचा विचार आताच करायचा, बाजार भरलेला असताना.

आता पाणी. कळंबोलीच्या नळाला येणारे पाणी कुठून येते, असे इथल्या दहावीच्या मुलाला विचारले तर तो बहुधा 'टाकीतून' म्हणेल. ते येते पाताळगंगेतून. लोणावळा, वळवण, शिरवटा या घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी टाटांच्या जलवाहिन्यांतून पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरते, तिथे १९१५ सालापासून वीज तयार करते आणि मग नदीत सुटते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या बहुतेक नद्या मार्चनंतर कोरड्या पडतात. पाताळगंगा उन्हाळाभर वाहते ती या सुटलेल्या पाण्यामुळे. भोकरपाड्याच्या केंद्रात महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ते शुद्ध करते आणि मोठ्या नळांवाटे पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली आणि न्हावा-शेव्याकडे पाठवते. मुंबईत दिवा लावून मोकळे झालेले पाणी कळंबोलीची घागर भरते. याच नदीकाठी खोपोलीत महिंद्र-उजीनचा खास पोलादाचा कारखाना उभा राहिला, म्हणजे या परिसराचे पोलाद आणि पिण्याचे पाणी एकाच खोऱ्यातले.

अडचण अशी की ही पाणीयोजना आखली तेव्हाची वस्ती आणि आजची वस्ती यांचा मेळ राहिलेला नाही. जलवाहिनी जुनी. ती फुटली, किंवा दुरुस्तीसाठी शटडाउन घेतला, की पुढचे दोन-तीन दिवस पाणी कमी दाबाने येते. मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर निरोप सुरू होतात, पंपवाल्याला जिन्यातून हाका जातात, "काका, खालची टाकी भरली का?" वरच्या मजल्यावरच्या बायका पिंप, बादल्या, कळश्या, कुकरसुद्धा भरून ठेवतात. टँकर मागवला तर पैसे सोसायटीचे. नोकरी करणाऱ्या बाईचा सकाळचा तास पाण्याच्या वेळेशी बांधलेला असतो. ती वेळ बदलली तर तिची लोकल चुकते. पाण्याच्या प्रश्नाची मोजदाद दशलक्ष लिटरमध्ये होते, ती या चुकलेल्या लोकलमध्येही व्हायला हवी.

पाणी कमी येते ही बाराही महिन्यांची तक्रार. पाणी जास्त येते ही पावसाळ्यातली. आणि ही दुसरी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यातच कळंबोलीच्या घडणीचे मर्म आहे. इथली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सगळीकडे भराव घालणे परवडणारे नव्हते, म्हणून सिडकोने नेदरलँड्सची पद्धत आणली. खाडीच्या बाजूला बांध घालायचा आणि बांधाच्या आत मोठे धारण तलाव ठेवायचे. पावसाचे सगळे नाले या तलावात येतात. तलावातून खाडीत जाणाऱ्या तोंडावर लोखंडी झडपा बसवलेल्या असतात. भरती आली की खाडीच्या पाण्याचा दाब झडप आपोआप लोटून बंद करतो. समुद्र आत शिरत नाही. तेवढा वेळ शहरातला पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली, बाहेरचे पाणी उतरले, की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. वीज नको, पंप नको. भरती-ओहोटीच्या सहा-सहा तासांवर चालणारी अशी सुंदर योजना आपल्या घराशेजारी आहे हे बहुतेकांना माहीतही नसते.

ही योजना एका अटीवर चालते: भरतीच्या सहा तासांत पडेल तेवढा पाऊस तलावात मावला पाहिजे. तलाव गाळाने भरला की अट मोडते. झडपेत प्लॅस्टिक, फांदी, मेलेले जनावर अडकले की ती पुरती बसत नाही आणि खाडीच आत येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी कळंबोलीनेही पाणी पाहिले. सिडकोची बैठी आणि तळमजल्याची घरे बुडाली. धान्याचे डबे, शाळेची दप्तरे, रेशनकार्डे, लग्नाचे अल्बम, शिलाई मशीन, सगळे चिखलात. अल्प उत्पन्न गटाच्या घरात माळा नसतो, वर ठेवायला जागा नसते, म्हणून बुडाले ते सगळे बुडाले. नंतर अनेकांनी जोते उंचावले, आत पायरी घेतली. कळंबोलीत फिरताना रस्त्यावरून घरात उतरावे लागते की चढावे लागते, यावरून कुणाच्या हातात तेव्हा पैसा होता ते अजून ओळखता येते.

ही छोटी घरे हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. खोली, स्वयंपाकघर, मोरी. कुटुंब वाढले तसे लोकांनी वर मजला चढवला, पुढे गॅलरी काढली, मागे न्हाणीघर सरकवले. नियमात ते बसत नव्हते आणि त्याशिवाय राहणेही शक्य नव्हते. 'केएल' नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतींचे स्लॅब आता गळतात, सळया उघड्या पडल्या आहेत. राज्याला सळई पुरवणाऱ्या वसाहतीतल्या छतांची सळई गंजून दिसावी, ही गोष्ट मनाला लागते. पुनर्विकास व्हायलाच हवा. मात्र त्यात भाडेकरू, वाढीव बांधकामात राहणारा धाकटा भाऊ आणि पागडीचा कागद नसलेली म्हातारी यांचे काय, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे.

दळणवळणाचे चित्र चमत्कारिक आहे. ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. सातारा, कराड, कोल्हापूरला जाणारी माणसे कळंबोलीच्या मॅकडोनाल्डसमोर पिशव्या घेऊन उभी असतात. सणासुदीला तिथे जत्रा भरते. मे महिन्यात गावची यात्रा असली की टोळ्याच्या टोळ्या तिथून गाडी धरतात. साऱ्या महाराष्ट्राची गाडी इथे मिळते, लोकल मात्र दारात नाही. १९९८ मध्ये हार्बर मार्ग पनवेलपर्यंत आला तेव्हा स्टेशने मानसरोवर आणि खांदेश्वरला झाली, महामार्गाच्या पलीकडे. कळंबोली नावाचे स्टेशन आहे, पण ते दिवा-पनवेल मार्गावर, तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. रोज मुंबईला जाणाऱ्याला रिक्षा करावी लागते किंवा ट्रेलरांच्या रांगांतून महामार्ग ओलांडावा लागतो. बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे. तळोजा-कळंबोली-खांदेश्वर हा तिचा विस्तार आराखड्यात आहे. शहरातल्या सगळ्या नव्या मार्गांत हा टप्पा आधी घ्यावा, कारण यावरून जाणाऱ्यांकडे दुसरा पर्याय सगळ्यांत कमी आहे.

हवा आणि नदीबद्दल थोडक्यात. कासाडी नदी तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहत कळंबोलीजवळून खाडीला जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळे झालेले कुत्रे साऱ्या जगाने वर्तमानपत्रांत पाहिले. कारखान्यातून बाहेर पडलेला रंग त्यांच्या अंगावर चढला होता. कोळीवाड्यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून ओरड केली होती की जाळ्यात मासळी येत नाही, जाळे वर काढले की हात खाजतात. रात्री वाऱ्याबरोबर येणारा उग्र वास कळंबोली, रोडपाली आणि खारघरच्या लोकांना परिचित आहे. कुत्र्यांच्या छायाचित्रानंतर जी हालचाल झाली ती कोळणींच्या तक्रारीवर व्हायला हवी होती.

इतक्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट येते. कळंबोलीत पाणी जीवन प्राधिकरणाचे, वाटप सिडकोचे, वीज महावितरणची, बाजाराच्या आवारातले रस्ते एका यंत्रणेचे, बाहेरचा महामार्ग दुसऱ्या यंत्रणेचा, नदी प्रदूषण नियंत्रण मंडळाची, गावठाण २०१६ पर्यंत ग्रामपंचायतीचे. माणूस एक आणि त्याला ठोठावायला दारे सात. खड्डा कुणाचा हे ठरेपर्यंत पावसाळा संपतो. जमशेदपूरला असे होत नाही. तिथे पाणी, गटार, रस्ता, दिवा हे सगळे टाटांच्या कंपनीकडे, आणि तिची सेवा खरोखर चांगली आहे. नळाचे पाणी लोक तसेच पितात. पण तिथल्या मूळ शहराला आजवर निवडून दिलेली महापालिका नाही. सोय मिळते, जाब विचारता येत नाही. कळंबोलीकराने त्याचा हेवा करू नये. त्याला दोन्ही मिळायला हवे.

ती संधी १ ऑक्टोबर २०१६ रोजी आली. पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुने पनवेल, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावे एका कारभाराखाली आली. मे २०१७ मध्ये ७८ नगरसेवक निवडून आले. लोकांना वाटले, आता एकच दार. पण सेवा सिडकोकडून महापालिकेकडे टप्प्याटप्प्यानेच आल्या. मधल्या काळात रहिवासी सिडकोला सेवाशुल्क देत राहिले आणि नंतर महापालिकेने २०१६ पासूनच्या मालमत्ता कराची बिले धाडली. एकाच रस्त्याचे आणि एकाच गटाराचे पैसे दोनदा का द्यायचे, हा लोकांचा सवाल होता आणि तो रास्त होता. महापालिकेची बाजूही आहे: कराशिवाय शहर चालत नाही आणि कायद्याने कर लावणे तिला भाग आहे. तरी सेवा हाती येण्याआधीच्या काळाचे बिल पाठवताना आधी माणसांशी बोलायला हवे होते. नव्या महापालिकेची आणि नागरिकांची पहिली ओळख बिलाच्या पाकिटातून झाली आणि त्याची कटुता अजून गेलेली नाही.

आरोग्याच्या बाबतीत पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय वर्षानुवर्षे अर्धवट बांधकामात अडकले होते. ते सुरू झाले आणि लगेच करोनाच्या साथीत तालुक्याचा आधार झाले. कामोठे-कळंबोलीत खासगी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. तरी लोखंड बाजारात बोट चेंगरले, पायावर प्लेट पडली, तर पहिल्या अर्ध्या तासात उपचार देणारे चोवीस तासांचे अपघात केंद्र बाजाराच्या आवारातच हवे. माथाडी मंडळाकडे लेव्ही आहे, व्यापाऱ्यांकडे जागा आहे, महापालिकेकडे डॉक्टर नेमण्याचे अधिकार आहेत. ट्रेडेगरच्या कामगारांकडे यातले फारच थोडे होते.

आणि धारण तलाव. पुढचा मोठा पाऊस कधी येईल हे कुणाला सांगता येत नाही, पण तलावांतला गाळ आजही मोजता येतो. नवी मुंबईतल्या अनेक धारण तलावांत गाळावर कांदळवन उगवले आहे. कांदळवनाला मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कडक संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे, कारण खाडीच्या बाजूने शहर वाचवते तेही कांदळवनच. म्हणून तलावाच्या आत गाळ काढायचा तर आधी सर्वेक्षण करायचे, किती झाडे हलतील ते दाखवायचे, बदल्यात कुठे लावणार ते सांगायचे आणि न्यायालयाकडे परवानगी मागायची. हे काम दोन पावसाळ्यांमधल्या आठ महिन्यांत बसवावे लागते. कळंबोलीच्या तलावांसाठी हा अर्ज सिडकोने करायचा की महापालिकेने, ते या दिवाळीआधी लेखी ठरवून घ्यावे आणि ते पत्र प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावे, एवढी मागणी इथल्या सोसायट्यांनी, माथाड्यांनी आणि गावठाणांनी मिळून करायला हरकत नाही.